जांभळा की गुलाबी? ग्रॅम स्टेनबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही ग्रॅम स्टेनची तोंडओळख करून दिली होती. काचेच्या स्लाइडवर जिवाणूंचा पातळ थर द्यायचा, त्यावर क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोल आणि शेवटी सॅफ्रानिन. ज्यांची पेशीभित्तिका जाड ते जांभळे राहतात, म्हणजे ग्रॅम पॉझिटिव्ह. ज्यांची पातळ त्यांचा जांभळा रंग अल्कोहोलने निघून जातो आणि ते गुलाबी दिसतात, म्हणजे ग्रॅम निगेटिव्ह. त्यावर मुंबई आणि उपनगरांतून बरीच पत्रं आली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

कॉलेजात आम्हाला स्टॅफिलोकोकस या जिवाणूचं कल्चर (लॅबमध्ये वाढवलेले जिवाणू) दिलं होतं. तो ग्रॅम पॉझिटिव्ह, पण माझ्या स्लाइडवर निम्मे जांभळे आणि निम्मे गुलाबी दिसले. एका पुस्तकात अल्कोहोल ३ सेकंद दिलंय, दुसऱ्यात २० सेकंद. नक्की किती ठेवायचं? (डीएमएलटी या लॅब टेक्निशियनच्या अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी, डोंबिवली)

दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत, कारण दोघांच्या बाटलीतलं द्रावण वेगळं आहे. नुसतं अ‍ॅसिटोन वापरलं तर एक-दोन सेकंदांत काम होतं. अ‍ॅसिटोन आणि अल्कोहोल निम्मं-निम्मं असेल तर तीन ते पाच सेकंद. ९५ टक्के इथाइल अल्कोहोल सगळ्यांत सावकाश काम करतं, त्याला १० ते २० सेकंद लागतात. शिकणाऱ्याने हे तिसरंच वापरावं. अ‍ॅसिटोनमध्ये एका सेकंदाची चूकही महागात पडते, अल्कोहोलमध्ये दोन-तीन सेकंद इकडे-तिकडे चालून जातात. आधी बाटलीवरचं लेबल वाचा, मग घड्याळ बघा.

सेकंद मोजण्यापेक्षा थेंबांकडे बघणं जास्त भरवशाचं. स्लाइड तिरकी धरा आणि वरच्या कडेने अल्कोहोल थेंब-थेंब सोडा. खाली गळणारा थेंब आधी गडद जांभळा येतो, मग फिका होतो. तो बिनरंगी दिसला की त्याच क्षणी पाण्याखाली धरा. पाणी घातल्याशिवाय अल्कोहोलचं काम थांबत नाही. स्लाइड बाजूला ठेवून सॅफ्रानिनची बाटली शोधत बसलात तर तेवढ्यात जिवाणू गुलाबी होऊन मोकळे होतात.

तुमच्या स्लाइडवर दोन्ही रंग का आले, याचं बहुधा एक कारण थराच्या जाडीत आहे. जाड भागातून रंग गळत राहतो म्हणून आपण अल्कोहोल घालत राहतो आणि तेवढ्यात पातळ भागातले जिवाणू गरजेपेक्षा जास्त धुतले जातात. उलट घाई केली तर जाड भागात गुलाबी असायला हवेत तेही जांभळे राहतात. वसाहतीतून, म्हणजे माध्यमावर वाढलेल्या जिवाणूंच्या ठिपक्यातून, घेताना लूप (तारेचं कडं) वसाहतीला नुसता टेकवायचा, खरवडायचा नाही. स्लाइडवर सलाइनचा लहानसा थेंब घ्या, त्यात ते कालवा आणि रुपयाच्या नाण्याएवढं पसरवा. वाळल्यावर त्या थरातून खालच्या वर्तमानपत्राची अक्षरं वाचता आली पाहिजेत. वाचता येत नसतील तर ती स्लाइड रंगवू नका, दुसरी करा. द्रव माध्यमातल्या कल्चरचा एक लूप पुरतो, त्यात पाणी नको.

दुसरं कारण कल्चरचं वय. १८ ते २४ तासांचं घ्या. शुक्रवारी लावलेलं कल्चर सोमवारी प्रॅक्टिकलला आलं असेल तर त्यातल्या बऱ्याच पेशी मेलेल्या असतात. त्यांची भित्तिका त्यांच्याच एन्झाइमनी कुरतडलेली असते, म्हणून जात पॉझिटिव्ह असूनही त्या रंग धरत नाहीत. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम हे पॉझिटिव्ह जिवाणू या बाबतीत फार लवकर फसवतात.

तिसरं कारण उष्णता. थर हवेत पूर्ण वाळल्यावर स्लाइड ज्योतीवरून दोन-तीन वेळा भरकन फिरवायची. मागची बाजू हाताच्या पाठीला लावली तर गरम लागावी, चटका बसू नये. जास्त तापली की भित्तिका फाटते. ज्योतीचा अंदाज येत नसेल तर मिथेनॉलचे दोन-चार थेंब घालून २ मिनिटं ठेवा. पेशींचा आकारही त्याने जास्त चांगला टिकतो.

बाकीचे आकडे एकदा लिहून ठेवा: क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, आयोडीन १ मिनिट, सॅफ्रानिन ३० ते ६० सेकंद. क्रिस्टल व्हायोलेटनंतरचं धुणं अगदी हलकं हवं. आयोडीन पडेपर्यंत तो रंग पेशीत पक्का बसलेला नसतो, नळ सोडून धुतलात तर तिथेच निघून जाईल. आयोडीननंतर स्लाइडवरचं पाणी नीट झटका. साचलेल्या पाण्याने अल्कोहोल पातळ होतं आणि सेकंदांचा सगळा हिशेब कोलमडतो. सॅफ्रानिनही उगाच पाच मिनिटं ठेवू नका, तोही जांभळ्या रंगाला हळूहळू बाहेर ढकलतो.

आणि हे सगळं सांभाळूनही खात्री कशी करायची? त्याच स्लाइडच्या एका टोकाला माहीत असलेला स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि दुसऱ्या टोकाला ई. कोलाय लावा, मधे तुमचा नमुना. पहिला जांभळा आणि दुसरा गुलाबी दिसला तरच मधल्यावर विश्वास. असा कंट्रोल (रंग आधीच माहीत असलेला नमुना) न लावता दिलेला ग्रॅमचा रिपोर्ट आमच्या मते अंदाजच असतो. रुग्णाच्या पू किंवा थुंकीच्या स्लाइडवर आणखी एक आयता कंट्रोल मिळतो: पस सेल्सची, म्हणजे पूतल्या पांढऱ्या पेशींची, केंद्रकं गुलाबी दिसली पाहिजेत. ती जांभळी दिसत असतील तर अल्कोहोल कमी पडलंय, मग जिवाणूंचा रंग बघण्यात अर्थ नाही.

रंग आत जातो आणि राहतो, इतपत कळलं. पण आयोडीन कशासाठी? ते नसलं तर काय बिघडेल? (निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, गिरगाव)

आयोडीन नसेल तर दोन्ही प्रकारचे जिवाणू अल्कोहोलने धुवून निघतात. सगळेच गुलाबी.

क्रिस्टल व्हायोलेटचा धन आयन लहान असतो. तो दोन्ही प्रकारच्या भित्तिकांतून सहज आत शिरतो, म्हणून पहिल्या मिनिटाला स्लाइडवरचं सगळंच जांभळं असतं. आयोडीन आत गेल्यावर रंगाशी जुळून पाण्यात न विरघळणारं मोठं संयुग तयार होतं. यानंतर येणारं अल्कोहोल दोन कामं करतं: मेद विरघळवतं आणि पाणी शोषून घेतं.

ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूत पेप्टिडोग्लायकनची जाळी २० ते ८० नॅनोमीटर जाड असते आणि तिच्यात टायकोइक आम्लांच्या साखळ्या गुंतलेल्या असतात. पाणी निघून गेलं की ही जाळी आक्रसते, तिची भोकं मिटतात आणि संयुग आत अडकतं. ग्रॅम निगेटिव्हमध्ये ही जाळी जेमतेम २ ते ७ नॅनोमीटर असते, आणि तिच्या बाहेर लायपोपॉलिसॅकराइडचं आणखी एक पटल. अल्कोहोल हे बाहेरचं पटल विरघळवतं. उरलेल्या पातळ जाळीला एवढा रंग रोखून धरणं जमत नाही. १९८३ मध्ये डेव्हिस आणि बेव्हरिज यांच्या गटाने आयोडीनच्या जागी प्लॅटिनमचं संयुग वापरलं. प्लॅटिनम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात काळं दिसतं, त्यामुळे प्रत्येक पायरीला रंग कुठे आहे ते बघता आलं. बॅसिलस सबटिलिसमध्ये संयुग आतच राहिलं. ई. कोलायमध्ये बाहेरचं पटल गेलं आणि त्याबरोबर संयुगही.

यात एक गंमत आहे. इडलीच्या पिठातलं यीस्टसुद्धा जांभळंच दिसतं, आणि त्याच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन औषधालाही नाही. तिथे ग्लुकन आणि मॅनन असतं. म्हणजे भित्तिका कशाची बनली आहे याला या रंगाच्या लेखी फारसं महत्त्व नाही. ती जाड आहे का आणि अखंड आहे का, एवढंच तो सांगतो. तेच यीस्ट चिरडून रंगवा, गुलाबी दिसेल. डोंबिवलीच्या विद्यार्थिनीच्या जुन्या कल्चरचं गणितही हेच.

हान्स क्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये बर्लिनला ही पद्धत छापली, तेव्हा त्याला जिवाणूंचे दोन गट पाडायचे नव्हतेच. न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसाच्या चकत्यांत जिवाणू ऊतीपासून वेगळे उठून दिसावेत, एवढंच त्याला हवं होतं. काही जिवाणूंचा रंग टिकत नाही हा त्याला दोष वाटला आणि पद्धत अपुरी असल्याचं त्याने त्याच लेखात लिहून टाकलं. आज आपण तो दोषच वापरतो.

आमची लहान लॅब आहे. जून ते सप्टेंबर स्मिअर (स्लाइडवरचे थर) वाळत नाहीत, धुताना निघून जातात, आणि स्लाइडवर काळपट जांभळे ठिपके दिसतात. कॉकाय (गोल जिवाणू) समजून रिपोर्ट द्यायची वेळ आली होती. (लॅबचालक, मुलुंड)

तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत.

वाळण्याचं आधी. मुंबईच्या पावसाळी हवेत पातळ थरही अर्धा तास ओला राहतो आणि मग हात ज्योतीकडे वळतो. ओला थर तापवला की पेशी उकडून निघतात, आकार बिघडतो, भित्तिका फुटते. ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये स्लाइड आडवी ठेवा किंवा स्लाइड वॉर्मर वापरा. पंख्याखाली ठेवू नका, धूळही बसते आणि नमुन्याचे कण हवेत जायची भीतीही असते.

थर निघून जाण्यामागे बहुतेक वेळा काचेवरचा तेलकटपणा असतो. नव्या कोऱ्या डब्यातल्या स्लाइडवरही तो असतो. पाण्याचा थेंब टाका. तो पसरला तर काच स्वच्छ, गोळा होऊन बसला तर अल्कोहोलने पुसून ज्योतीवरून फिरवा. मूत्र आणि मणक्यातलं पाणी यांत प्रथिनं कमी असल्याने थर मुळातच नीट चिकटत नाही, तिथे मिथेनॉलच वापरा. आणि पाण्याची धार कधीही थरावर सोडू नका, वरच्या कडेला सोडा.

ठिपके म्हणजे क्रिस्टल व्हायोलेटचा साका. ओळखायची खूण अशी: हे ठिपके लहान-मोठे असतात, कडा धारदार असतात, आणि जिवाणूंवर फोकस केलं की ते धूसर होतात, कारण ते थराच्या वरच्या पातळीत असतात. खरे कॉकाय साधारण एकाच मापाचे, जोडीत, साखळीत किंवा घोसात, आणि पस सेल्सबरोबर एकाच फोकसमध्ये येतात. उपाय सोपा आहे: दर आठवड्याला रंग व्हॉटमन नंबर १ कागदातून गाळा आणि स्लाइडवर रंग वाळू देऊ नका.

रंग घरीच करत असाल तर २ ग्रॅम क्रिस्टल व्हायोलेट २० मिलिलिटर ९५ टक्के अल्कोहोलमध्ये विरघळवा. ०.८ ग्रॅम अमोनियम ऑक्झलेट ८० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात वेगळं विरघळवा. दोन्ही एकत्र करून २४ तास ठेवा, मग गाळा. आयोडीनसाठी २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आधी थोड्याशा पाण्यात पूर्ण विरघळवायचं, मग त्यात १ ग्रॅम आयोडीन, ते विरघळल्यावर ३०० मिलिलिटरपर्यंत पाणी. क्रम उलटा केलात तर आयोडीन तळाशी तसंच पडून राहतं. सॅफ्रानिनचं मूळ द्रावण २.५ ग्रॅम १०० मिलिलिटर अल्कोहोलमध्ये, वापरताना त्याचा १ भाग आणि पाण्याचे ९.

आयोडीन गडद काचेच्या बाटलीत ठेवा. तपकिरीचं पिवळट झालं की फेकून द्या, मुदत संपलेली असो वा नसो. त्याच्या ड्रॉपरचा रबरी फुगा चिकट होऊन तुटतो, तिकडेही लक्ष असू द्या. प्रिन्सेस स्ट्रीटवर तयार किट सहज मिळतात. नवीन लॉट उघडला की पहिल्या दिवशी दोन्ही कंट्रोल लावूनच वापरायला घ्या.

जाता जाता सूक्ष्मदर्शकाबद्दल. पावसाळ्यात १०० पटीच्या लेन्सवर बुरशी धरते आणि एकदा धाग्यांनी काच कोरली की लेन्स गेली. दिवसाचं काम संपलं की तिच्यावरचं ऑइल लेन्स पेपरने टिपा, कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ते निळ्याचं गुलाबी झालं की ओव्हनमध्ये वाळवून परत वापरा. ऑइलमधून ४०ची लेन्स फिरवली जाते ही चूक आम्ही जवळजवळ प्रत्येक लॅबमध्ये पाहिली आहे.

स्टेन न करता, नुसत्या वसाहतीवरून ग्रॅमची खात्री करता येते का? (टेक्निशियन, घाटकोपर)

येते. स्लाइडवर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब घ्या, त्यात लूपभर वसाहत कालवा आणि मिनिटभर ढवळत लूप हळूहळू वर उचला. ग्रॅम निगेटिव्ह असेल तर अल्कलीने पेशी फुटतात, आतला डीएनए बाहेर येतो आणि लूपबरोबर चिकट तार निघते. पॉझिटिव्ह असेल तर थेंब पाण्यासारखाच राहतो. वसाहत भरपूर हवी आणि ताजी हवी. काही निगेटिव्ह तार देत नाहीत, म्हणून ही चाचणी स्टेनच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही. अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा निगेटिव्ह जिवाणू जांभळा रंग हट्टाने धरून बसतो आणि जाडसर कॉकाय असल्याचा भास करून देतो, तिथे तिचा विशेष उपयोग होतो.

वडिलांच्या पोटातून काढलेल्या पूच्या पहिल्या रिपोर्टात ‘ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय’ (काडीसारखे जिवाणू) होते. तीन दिवसांनी कल्चरचा रिपोर्ट आला, ‘नो ग्रोथ’. कुठला खरा मानायचा? (वाचक, चेंबूर)

दोन्ही खरे असू शकतात. स्टेनला जिवंत आणि मेलेला जिवाणू सारखाच दिसतो, कल्चरमध्ये फक्त जिवंतच वाढतो. नमुना घेण्याआधी अँटिबायोटिक सुरू झालं असेल तर नेमकं असंच होतं. दुसरी शक्यता पोटातल्या पूमध्ये नेहमीच असते: हवेशिवाय जगणारे जिवाणू. त्यांना हवाबंद साधनात वाढवावं लागतं. नमुना उघड्या स्वॅबवर, दोन तास रिक्षात फिरून आला असेल तर ते वाटेतच मरतात. अशा पूसाठी स्वॅबपेक्षा सिरिंजमधला, हवा काढून टाकलेला नमुना केव्हाही सरस. मणक्यातल्या पाण्याच्या बाबतीत वेगळी चूक होते. कुणीतरी ते फ्रिजमध्ये ठेवतं आणि मेनिंगोकोकस हा मेंदूज्वराचा जंतू थंडीनेच मरतो.

उलटही घडतं. स्लाइडवर काही दिसत नाही आणि कल्चर मात्र वाढतं. स्लाइडवर दिसायला मिलिलिटरमागे साधारण १०,००० ते १,००,००० जिवाणू लागतात, कल्चरला मूठभर पुरतात.

पहिल्या रिपोर्टाचं मोल त्याच्या वेगात आहे. तो तासाभरात हातात येतो. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकचा रेणू मोठा असतो, ग्रॅम निगेटिव्हचं बाहेरचं पटल तो ओलांडू शकत नाही. म्हणून गुलाबी बॅसिलाय दिसले की डॉक्टर त्याच्यावर विसंबून राहत नाहीत, औषध बदलतात किंवा जोडीला दुसरं देतात. आणि रिपोर्टातल्या त्या ‘निगेटिव्ह’चा अर्थ जंतू नाहीत असा नव्हे, हे बऱ्याच पत्रांवरून पुन्हा सांगावंसं वाटलं. वडिलांचे दोन्ही रिपोर्ट सर्जनना एकत्र दाखवा आणि पहिला डोस किती वाजता दिला होता तेही सांगा.

क्षयाचे जंतू ग्रॅमने का बघत नाहीत? (नर्सिंगची विद्यार्थिनी, शिवडी)

त्यांच्या भित्तिकेत मायकोलिक आम्लांचा मेणचट थर असतो. क्रिस्टल व्हायोलेट त्यात धड शिरत नाही. कधी फिकट ठिपक्यांची काडी दिसते, कधी रंग न घेतलेली नुसती रिकामी रेघ. झील-नीलसन पद्धत याच मेणाचा फायदा घेते. १ टक्का कार्बोल फुक्सिन स्लाइडभर घालून खालून वाफ निघेपर्यंत तापवायचं आणि ५ मिनिटं ठेवायचं. उकळू द्यायचं नाही, वाळू तर मुळीच द्यायचं नाही. उष्णतेने मेण सैल होतं आणि फिनॉलच्या मदतीने रंग आत जातो. थंड झाल्यावर तो बाहेर पडत नाही. मग २५ टक्के सल्फ्युरिक आम्ल २ ते ४ मिनिटं, शेवटी ०.१ टक्का मेथिलीन ब्लू ३० सेकंद. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. कुष्ठरोगाच्या जंतूंचं मेण इतकं चिवट नसतं, त्यांना ५ टक्के आम्ल वापरतात.

आम्ल करताना आधी पाणी, मग त्यात आम्ल, सावकाश. उलट केलंत तर तोंडावर उसळेल.

क्षयाच्या बाबतीत खोटा पॉझिटिव्ह जास्त छळतो. टिपकागद एका स्लाइडला एकच, दुसऱ्यांदा नाही. ऑइलच्या ड्रॉपरचं टोक थराला टेकू द्यायचं नाही. अनेक स्लाइड एकाच बरणीत बुडवून रंगवायच्या नाहीत, एकीवरचे जंतू सुटून दुसरीवर बसतात. नळाला लावलेल्या जुन्या रबरी नळीत निरुपद्रवी मायकोबॅक्टेरिया राहतात, तेही लालच दिसतात.

नाही म्हणण्याआधी १०० फिल्ड (सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक फिल्ड) बघायची. १०० फिल्डमध्ये १ ते ९ दिसले तर नेमका आकडा लिहायचा, १० ते ९९ असतील तर १ प्लस. दर फिल्डला १ ते १० असतील तर ५० फिल्डवर २ प्लस, दहापेक्षा जास्त असतील तर २० फिल्डवरच ३ प्लस. थुंकीत मिलिलिटरमागे ५,००० ते १०,००० जंतू असल्याशिवाय स्लाइडवर सापडत नाहीत. निदानासाठी आता आधी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचण्या करतात ते यामुळेच. उपचार लागू पडतायत का हे बघायला मात्र स्लाइड अजून लागते, कारण त्या चाचण्या मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा पकडतात.

पावसाच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टो होतो म्हणतात. रक्ताचा ग्रॅम स्टेन करून तो कळेल का? (वाचक, कुर्ला)

नाही. लेप्टोस्पायराची भित्तिका निगेटिव्ह घडणीचीच असते, पण जंतू जेमतेम ०.१ मायक्रोमीटर जाड. सॅफ्रानिनने तो दिसण्याइतका रंगतच नाही. डार्क फिल्ड सूक्ष्मदर्शकात, काळ्या पार्श्वभूमीवर, वळवळताना दिसू शकतो, पण रक्तातले प्रथिनांचे तंतूही तसेच हलताना दिसतात. पहिल्या आठवड्यात रक्ताचा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी), त्यानंतर आयजीएम एलायझा (प्रतिपिंडं शोधणारी). २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर शहरात लेप्टोची साथ आली. तेव्हापासून पालिका दर पावसाळ्यात सांगते ते ऐका: साचलेल्या पाण्यातून चालला असाल, त्यातून पायाला जखम असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. ताप यायची वाट बघू नका.

मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रॅम स्टेन होता. त्याचा उपयोग झाला का? (वाचक, परळ)

झाला, आणि त्याआधी हाँगकाँगमध्ये घोटाळाही झाला. १८९४ मध्ये येर्सिन आणि कितासातो या दोघा संशोधकांनी तिथे प्लेगचा जंतू स्वतंत्रपणे शोधल्याचं जाहीर केलं. येर्सिनने तो ग्रॅमने रंग सोडतो असं स्वच्छ लिहिलं. कितासातोचं वर्णन याच मुद्द्यावर डळमळीत राहिलं. त्याच्या कल्चरमध्ये न्यूमोकोकस या ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूची भेसळ असावी, असं पुढे बऱ्याच जणांचं मत झालं. दोन वर्षांनी मांडवीत डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी मुंबईतला प्लेग ओळखला, तोवर तो ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलस आहे हे कळलेलं होतं. जिवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली. तुमच्या परळमधल्या संस्थेला त्यांचं नाव १९२५ मध्ये मिळालं.

प्लेगचा जंतू ग्रॅमने गुलाबी काडीच दिसतो, ई. कोलायसारखीच. त्याची खूण जिम्सा किंवा वेसनच्या रंगात उठून दिसते: दोन्ही टोकं गडद, मधला भाग मोकळा, बंद सेफ्टी पिनसारखा.

नववीच्या मुलांना ग्रॅम स्टेन दाखवायचा आहे. धोका नको, पण दोन्ही रंग दिसायला हवेत. (विज्ञान शिक्षिका, विलेपार्ले)

घरचं दही आणि दातांवरचा थर. दोन स्लाइड, काम झालं.

दही साय काढलेल्या दुधाचं घ्या, मेद थराला धरून बसतो आणि रंग खराब करतो. वर सुटलेल्या निवळीचा एक भाग, पाण्याचे नऊ भाग, त्याचा एक लूप. दह्याचा गोळा थेट लावलात तर केसीनच्या गुठळ्यांशिवाय काही दिसणार नाही. जांभळ्या कॉकायच्या साखळ्या आणि लांब जांभळ्या काड्या दिसतील. दही कालचंच असावं. चार दिवसांचं आंबट ढाण दही घेतलंत तर निम्म्या काड्या गुलाबी येतील आणि मुलं विचारत बसतील. अर्थात, त्यांनी तसं विचारावं अशीच इच्छा असेल तर दोन्ही दही शेजारीशेजारी लावा.

दुसऱ्या स्लाइडसाठी प्रत्येकाने स्वतःच्या हिरडीजवळ टूथपिक हलकेच फिरवावी आणि पाण्याच्या थेंबात कालवावी. इथे जांभळे आणि गुलाबी दोन्ही, कॉकाय, काड्या, टोकदार सुया, शिवाय गालाच्या मोठ्या गुलाबी पेशी. तो वर्गातला सगळ्यांत स्वस्त कंट्रोल. काहीही वाढवायला ठेवू नका, जखमेचा किंवा घशाचा नमुना घेऊ नका. वापरलेल्या टूथपिक आणि स्लाइड १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास बुडवून मग टाका. ज्योतीजवळ अल्कोहोलची बाटली उघडी ठेवू नका. शाळेत सगळ्यात मोठा धोका जंतूंचा नसून तोच आहे.

क्रिस्टल व्हायोलेट बोटांवर आणि बेसिनवर पडलं की निघत नाही. (बऱ्याच जणांचा प्रश्न)

लहानपणी तोंड आल्यावर लावायचं जांभळं औषध म्हणजे याचाच भाऊबंद, तेव्हा चिवटपणाचं नवल नको. बोटांवरचं ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने फिकं होतं, उरलेलं कातडीबरोबर दोन-तीन दिवसांत जातं. ग्लोव्हज घातले तर प्रश्नच नाही. बेसिनवरचं ताजं असताना ९५ टक्के अल्कोहोलने पुसा. जुना डाग आम्लमिश्रित अल्कोहोलने निघतो: ९७ मिलिलिटर अल्कोहोल, ३ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल. ब्लीचनेही जातो. पण दोन्ही एकामागोमाग त्याच बेसिनमध्ये ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो. मधे नळ पाच मिनिटं चालू ठेवा आणि खिडकी उघडा.